भाजी मी आधी चाखत होते

अगं, दारात काय उभी राहतेस पाहुण्यासारखी? ये, अशी जवळ बस. इतक्या दिवसांत एक फोन नाही, काही नाही — बरं, राहू दे, रागवायला नाही बोलावलं तुला. एक गोष्ट आहे. आजवर कुणालाच सांगितलेली नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवापुढे हात जोडले तरी तेवढ्यावरून घाईनं पुढे जाते मी.

तुला माहीत आहे ना, इंदिरानगरच्या त्या समुपदेशन केंद्रात मला दरवर्षी बोलावतात. ओसीडीच्या, म्हणजे भीतीपोटी तेच तेच परत करत राहायच्या आजाराच्या, माणसाला बरं कसं करायचं हे शिकायला पोरंपोरी येतात, आणि घरच्यांनी साथ कशी द्यायची ते त्यांना मी सांगते. मी, सातवी शिकलेली बाई. बोलून झालं की टाळ्या वाजवतात, शाल देतात. पहिल्या वर्षी छान वाटलं. पुढे — पुढे त्यांचा चहासुद्धा तसाच ठेवून उठायला लागले.

कल्पना, माझी सून. दिंडोरी रस्त्याला आमची द्राक्षबाग, माझा मुलगा दीपक तिथं फवारणी करून घरी यायचा. ओम झाला आणि हिच्या डोक्यात बसलं, की ते औषध आपल्या हाताला लागलंय, आपल्या हातचं खाऊन पोराला काहीतरी होणार. दीपक बागेतच आंघोळ करून कपडे बदलून यायला लागला, तरी तेच. हात धुवायची, पुसायची, परत धुवायची. बोटांची सालं निघाली. आणि मी काय करायचे? शेजारणींना कौतुकानं सांगायचे, आमची सून फार स्वच्छतेची हो.

मग एकदा ती म्हणाली, आई, तुम्ही आधी चाखा ना. मी चाखली भाजी. जरा वेळ थांबले आणि म्हटलं, काही नाही गं, दे त्याला. झालं, तेव्हापासून दोन्ही वेळा तेच सुरू झालं. मग दूध. मग पाणीसुद्धा.

शेवटी दीपकनं त्या केंद्रात नाव घातलं, आणि रोहिणी घरी यायला लागली. नामपूरची पोरगी, अजून शिकतच होती. ही तिची पहिली केस, वर तिचे सर लक्ष ठेवून. आवाज बारीक, पण समजावून सांगायची पद्धत अशी की माझ्यासारखीलाही कळावं. म्हणाली, "काकू, तुम्ही चाखलंत की वहिनींची भीती तेवढ्यापुरती बसते. पुढच्या जेवणाला परत उठते. ती आपली आपण उतरते, हे एकदा त्यांना अनुभवू द्या."

कल्पनाला काम दिलं होतं — दीपकचे धुतलेले बागेचे कपडे वाळत घालायचे, परत हात न धुता कणीक मळायची आणि ओमला वाढायचं. मला एवढंच, की चाखायचं नाही, आणि काही होत नाही असं म्हणायचंही नाही.

चार दिवस पाळलं मी. कल्पना ओट्याला धरून थरथरायची, ताट हातात घेऊन रडायची. पाचव्या दिवशी मी हळूच चाखलं. आणि तिला कळावं म्हणून पातेल्यावरचं झाकण उलटं ठेवलं. बोलले काहीच नाही. तिनं झाकणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पोराला वाढलं. पुढे रोजची खूणच झाली ती. बाहेरच्या खोलीत रोहिणी वहीत लिहायची. "आज चाखलं नाही ना, काकू?" "नाही गं बाई, शब्द दिलाय ना तुला."

का केलं असं? कीव आली म्हणून — मी स्वतःला हेच सांगत आले. पण तेवढंच होतं का? बाग सोडून फ्लॅटमध्ये आले तेव्हापासून मला काम नव्हतं, कुणी काही विचारत नव्हतं. आणि इथं दोन्ही वेळा एक बाई माझ्या तोंडाकडे डोळे लावून उभी राहायची. माझ्या एका घासावर त्या घराचं जेवण अडायचं. ती बरी झाली असती तर मला कोण विचारणार होतं? हे तेव्हा मला माहीत नव्हतं, असंही म्हणवत नाही.

कल्पनात काही फरक पडेना. सरांनी बोलावून घेतलं. कल्पना बाहेर बसलेली, आत सर, रोहिणी आणि मी. रोहिणीनं सरळ विचारलं, "काकू, घरात कुणी गुपचूप धीर देतंय का? कुणी रागावणार नाही." पोरीनं बरोबर ओळखलं होतं. मी म्हटलं, नाही. आम्ही सगळं पाळतो.

एवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही थांबले. वर म्हणाले, "सर, ही अजून लहान आहे. हिला ना पोर ना बाळ, आईचं काळीज हिला काय कळणार? हीच घाई करते." सरांनी काहीतरी लिहून घेतलं. रोहिणी माझ्याकडे बघत राहिली, मग मान खाली घालून आपली वही चाळायला लागली. कुठे चुकलं ते शोधत होती बिचारी. मी खोटं बोलेन असं तिला वाटलंच नाही.

तिची केस काढून घेतली. दुसऱ्या मॅडम आल्या, वयानं मोठ्या. आता पकडले जाईन या भीतीनं मी चाखणं बंद केलं. मॅडमनीही काम तेच दिलं — तेच कपडे, तीच कणीक. कल्पना रडली, थरथरली, आणि काही महिन्यांत पोराला भरवायला लागली. नाव मॅडमचं झालं. कल्पनाला वाटतं, रोहिणी आपणहून गेली. आणि सर दर वर्षी नव्या पोरांना सांगतात, आमच्या एका विद्यार्थिनीनं घाई केली होती, त्यातून शिका. मी शेजारच्या खुर्चीत बसून मान हलवते.

गेल्या उन्हाळ्यात सटाण्याला एका लग्नात रोहिणी भेटली. ते शिक्षण तिनं अर्ध्यातच सोडलं, आता नामपूरला बालवाडीत शिकवते. आपणहून आली, पाया पडली. म्हणाली, "वहिनी बऱ्या आहेत ना, काकू? तेव्हा माझंच चुकलं. मला जमलंच नाही ते."

पंगतीला वेळ होता. आसपास कुणी नव्हतं. बोलायचं असतं तर तिथंच बोलता आलं असतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, जाऊ दे गं, होतं असं, मनात ठेवू नको. म्हणजे मी — मी तिला माफ केलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. केवढं बरं वाटलं तिला.

निघताना वर म्हणालेही तिला — घरी ये गं एकदा. लवकर ये.