रॉकेलच्या डब्यातलं कुलूप

कुलूपवाले काका शाळेच्या मावशींना एकोणीस वर्षं ओळखत होते, असं लोक म्हणतात. काकांना स्वतःला तसं म्हणवत नाही. मावशी राहायच्या कुठे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. घरी कोण कोण आहे, हेही त्यांनी कधी विचारलं नाही. चहा बिनसाखरेचा घेतात, उजवा गुडघा दुखतो आणि घंटा कशी देतात, एवढं माहीत होतं. एवढ्या भांडवलावर कुणाची ओळख सांगायला बसणं हा आगाऊपणाच झाला. पण ज्यांना काहीच माहीत नव्हतं ते त्या आठवड्यात फार बोलले, म्हणून हे सांगणं.

काकांचं दुकान शाळेच्या बरोबर समोर. दुकान म्हणजे दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी जागा. एक किल्ल्या कापायचं मशीन, एक स्टूल, आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेली कुलपं, दुरुस्तीला देऊन लोक न्यायला विसरलेली. स्टुलावर बसलं की शाळेचं गेट दिसायचं, गेटच्या पलीकडे लांबलचक व्हरांडा, व्हरांड्यात एका रांगेत आठ वर्ग आणि टोकाला टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. तीच घंटा.

मावशी शाळेच्या शिपाई. मुलं त्यांना मावशी म्हणायची, शिक्षक मावशी म्हणायचे, मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिकाही मावशीच म्हणायच्या. काकाही तेच म्हणायचे. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "काका, पहिलीतली पोरं मावशी म्हणतात ते ठीक आहे. तुम्ही एकाहत्तर वर्षांचे. मी तुमची मावशी कधी झाले?"

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. नुसतं काम वेळेवर द्या."

त्यांची घंटा वेगळी होती. दोन ठोके सावकाश, मग थांबायच्या, इतक्या की नवख्याला वाटावं विसरल्या, आणि मग तिसरा. मध्ये का थांबता, असं काकांनी एकदाच विचारलं होतं. मावशी म्हणाल्या, "पाय बदलते. सगळा भार एका गुडघ्यावर किती वेळ टाकणार?"

आणि एक गोष्ट काकांना माहीत होती, ती त्यांच्या हातचीच होती. वर्गांच्या दारांना पूर्वी आतूनही कड्या होत्या. चार वर्षांपूर्वी पहिलीतल्या एका मुलानं आतून कडी लावून घेतली आणि त्याला ती काढता येईना. तासभर रडून त्यानं वर्ग डोक्यावर घेतला, पालकांनी शाळा डोक्यावर घेतली. सभेत ठरलं, आतल्या कड्या नकोत. बाहेरची कडी पुरे, शाळा सुटल्यावर कुलूप घालायला. आठही कड्या काकांनीच काढल्या. मावशी हाताची ओंजळ करून स्क्रू झेलत उभ्या होत्या.

"एकही नाही ठेवायची आतून?"

"वरून सांगितलंय."

"वरून म्हणजे कुठून? छपरावरून?"

काका हसले होते. कड्या डब्यात घालून दुकानात नेल्या आणि विसरून गेले.

तो दिवस मंगळवार होता. सकाळी शाळा भरायच्या आधी मावशी गेटचं कुलूप घेऊन आल्या. उघडताना किल्ली मोडली होती आणि अर्धी आतच राहिली होती. काकांनी कुलूप हलवून पाहिलं. आत गंजाचा भुगा झाला होता. त्यांची कामाची एक पद्धत होती, वडिलांकडून आलेली: गंजलेलं कुलूप रात्रभर रॉकेलमध्ये ठेवायचं, घाई करायची नाही. त्यांनी ते डब्यात बुडवलं. मावशी गेटला नुसती साखळी गुंडाळून, तिचा हूक कडीत अडकवून आत गेल्या.

पावणेअकराला काका मशीनवर किल्ली कापत होते. मान वर केली तर एक तरुण गेटची साखळी सोडवताना दिसला. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. साखळी खाली सोडली नाही, व्यवस्थित गेटवर टांगून ठेवली. कुणाचा तरी भाऊ असेल, डबा द्यायला आला असेल, असं काकांना वाटलं, आणि ते परत किल्लीकडे वळले. तो त्याच शाळेत शिकलेला होता, हे नंतर कळलं. त्याच्या मनात काय होतं ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही.

मग ऑफिसातून किंकाळी आली. काकांनी मशीन बंद केलं. व्हरांड्याच्या एका टोकाला तो तरुण, हातात सुरा, शर्टाची बाही लाल. ऑफिसातला कारकून दंड धरून खाली बसलेला. आणि दुसऱ्या टोकाकडून मावशी पळत होत्या. पळत कसल्या, लंगडत, भिंतीला हात लावत. प्रत्येक दाराशी थांबून दार ओढायच्या, आत तोंड घालून काहीतरी बोलायच्या आणि बाहेरून कडी सरकवायच्या. खाट. पुढचं दार. खाट. रस्त्याच्या अलीकडे तो आवाज काकांना ऐकू येत होता. त्याच्याकडे पाठ करून पळायला जागा होती, पण त्या दार लावत लावत त्याच्याच दिशेनं येत होत्या. शेवटचं दार पहिलीचं. त्याची कडी घालून त्या वळल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

काका रस्ता ओलांडत होते. निम्म्या रस्त्यात ते थांबले. त्यांना एवढंच आठवतं की एक गाडी हॉर्न वाजवत होती. खेळाचे शिक्षक आणि शेजारचा वेल्डर यांनी त्या तरुणाला मागून धरून पाडलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. सगळं मिळून चार मिनिटं. एकाही मुलाला ओरखडा आला नाही.

मावशींना गाडीत घालून नेलं. शिक्षकांनी टेबलावरचं कापड काढून फरशीवरच्या रक्तावर टाकलं, आणि ते एकेक दार उघडू लागले. मोठी मुलं रडत बाहेर आली. पहिलीच्या वर्गात मात्र चौतीस मुलं बाकांखाली बसलेली, हूं नाही की चूं नाही. काही कामानं बाहेर गेलेल्या त्यांच्या बाईंनी हाका मारल्या, समजावलं. कुणी हलेना.

एक मुलगी बाकाखालून म्हणाली, "मावशींनी सांगितलंय. मी घंटा दिली की मगच."

बाईंनी जाऊन रुळावर भराभर ठोके मारले. मुलं जागची हलली नाहीत.

"ही मावशींची नाही," ती मुलगी म्हणाली.

कुणी सांगितलं नव्हतं, पण तोवर आत आलेले काका पुढे झाले आणि बाईंच्या हातातला दांडा घेतला. दोन ठोके सावकाश. मग थांबले. तेवढ्या वेळात त्यांना वाटलं, आपल्याला हे जमायचं नाही. मग तिसरा दिला. मुलं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून ओळीनं बाहेर आली. बाईंनी त्यांना दुसऱ्या बाजूनं नेलं.

दुपारी तीन वाजता दवाखान्यातून कळलं की मावशी गेल्या.

शाळा बंद ठेवली. तरी लोक गेटशी येऊन उभे राहायचे. बोलायचे नाहीत, नुसते आत बघायचे. एक बाप रोज मुलीचं दप्तर घेऊन यायचा आणि तसाच परत जायचा. वेल्डर दोन दिवस कामावर आला नाही. काकांच्या दुकानात एक बाई घराच्या कुलपाच्या चार जादा किल्ल्या करून घ्यायला आल्या. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि ते परत आल्यावर जीभ सुटली. भिंत वाढवा. कॅमेरे बसवा. दारावर माणूस ठेवा. आणि शुक्रवारी कुणीतरी सगळ्यांच्या फोनवर पाठवलं: शिपाई बाईंनी गेट उघडं टाकलं होतं, आणि वर पोरांना बाहेरून कोंडून ठेवलं, आग लागली असती तर?

गिऱ्हाइकानं ते काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. काकांच्या पायाजवळ रॉकेलचा डबा होता. मंगळवारपासून त्यांनी तो उघडला नव्हता.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं. ती वाढता वाढता थांबली.

"म्हणजे कुलूप आपल्याकडं आहे?"

"डब्यात."

"रविवारी सभा आहे म्हणे."

"हं."

"तुम्ही बोलणार? चारचौघांत? लग्नाला होकारसुद्धा तुम्ही मानेनंच दिला होता."

ती म्हणाली, "सगळं खापर तुमच्यावर फोडतील, बघा. दुकान बंद करायची वेळ येईल."

"आणि नाही बोललो तर?"

तिनं भांडं खाली ठेवलं. "मग तिच्यावर फुटलंच आहे की. ती काय उठून बोलणार आहे?"

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. शेवटच्या रांगेत दाराजवळ मावशींची मुलगी बसली होती. ती त्यांची मुलगी आहे हे काकांना त्या दिवशी कळलं, चेहऱ्यावरून. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढे एक गृहस्थ बोलत होते. "मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण गेटची जबाबदारी कुणाची होती? कुणी तरी उत्तर द्यायला पाहिजे."

काका उठले. ते चालत पुढे गेले आणि पिशवीतून कुलूप काढून मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवलं. कागदांवर रॉकेलचा डाग पसरला.

"हे गेटचं," ते म्हणाले. "मंगळवारी सकाळपासून माझ्याकडं आहे. किल्ली मोडली होती. त्या द्यायला आल्या होत्या. दुसरं कुलूप मागितलं त्यांनी. माझ्या भिंतीवर चाळीस कुलपं आहेत. मी दिलं नाही. लोकांची कुलपं दुसऱ्या दाराला लावायची नाहीत, असा आमच्या वडिलांचा नियम."

ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे चूक तुमची?"

"हो."

काकांनी पिशवीत पुन्हा हात घातला आणि आठ कड्या काढून कुलपाशेजारी ठेवल्या, एकेक करून.

"या वर्गांच्या आतल्या. सभेत ठरलं म्हणून मी काढल्या. आतून बंद करायची सोय नव्हती. बाहेरून कडी घालायची तर कुणाला तरी बाहेर राहावं लागतं. त्या राहिल्या."

एवढं बोलून ते तिथेच उभे राहिले, जागेवर परत कसं जायचं ते सुचेना म्हणून. आतल्या कड्या काढा म्हणून चार वर्षांपूर्वी सगळ्यांत मोठ्यानं ओरडलेली, तेव्हा आत अडकलेल्या मुलाची आई पहिल्या रांगेत होती. तिनं पदर तोंडाला लावला. फोनवर मजकूर पाठवणारा कोण होता ते कुणी सांगितलं नाही, पण दोघातिघांच्या माना खाली गेल्या.

मोठ्या बाईंनी कारकुनाकडे पाहिलं. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता, लिहीत होता डाव्या हातानं. "इतिवृत्तात लिहा," त्या म्हणाल्या. "गेट मावशींनी उघडं टाकलेलं नव्हतं. हे वाक्य वेगळं लिहा. आणि आजच सगळ्यांच्या फोनवर पाठवा."

काकांचं दुकान कुणी बंद पाडलं नाही. काही लोक मात्र अजून समोरून जाताना मान फिरवतात, आणि काकांना ते चुकीचं वाटत नाही. त्यांनी त्याच दुपारी कड्या परत बसवायला घेतल्या. स्क्रू झेलायला कुणी नव्हतं, ते फरशीवर पडून घरंगळत होते. पहिलीच्या दारापर्यंत आले तेव्हा मावशींची मुलगी व्हरांड्यात येऊन उभी राहिली. खाली वाकून तिनं दोन स्क्रू उचलून दिले.

"आई तुमच्याबद्दल सांगायची," ती म्हणाली. "समोरचे काका कधी वेळेवर देत नाहीत म्हणून."

"खरं आहे."

"त्या सकाळी शेवटचं काय बोलली ती? तुमच्याशी?"

विशेष काही नाही, असं काका म्हणणार होते. तसं विशेष नव्हतंच. त्यांनी जसं झालं तसं सांगितलं. मावशी म्हणाल्या होत्या, "मग उद्या सकाळी नक्की?"

"नक्की. शाळा भरायच्या आत."

"तुमचं नक्की मला ठाऊक आहे."

"बसा, चहा सांगतो."

"आत्ता नको, मुलं यायला लागली. मधल्या सुट्टीत येते. त्याला सांगून ठेवा, साखर नको."

"सांगतो."