कल्याण बंदरावरची पहिली हाक

मंडळी, आज नाशिकहून ठाण्याला येताना कल्याणला आगगाडी बदलायची होती. दुसऱ्या गाडीला अवकाश होता, म्हणून पायीच बंदर बघायला गेलो.

भर दुपार. ओहोटीमुळे मिठाची गलबतं चिखलात कलंडली होती. धक्क्यावर एक म्हातारी कोळीण फाटकं जाळं सांधत बसली होती, बाकी चिटपाखरू नव्हतं. एवढ्यात पलीकडच्या काठावरून हाक आली, "होडी आणा हो!"

मला कुठलं गप्प बसवतंय! ओरडलो, "आलो, आलो!"

कोळणीचा हात थांबला. "पयल्या हाकेला ओ द्यायाची नाय, दादा. जिता मानूस दुसऱ्यांदा हाक मारतो."

मी हसलो आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिलो. ती आलीच नाही. पलीकडे नुसता ओला चिखल, त्यावर पाऊल म्हणून उमटलेलं नाही.

ठाण्याचं आमचं घर कल्याणहून येणाऱ्या त्याच खाडीला लागून आहे. आत्ता दिवेलागणीला भरती आली आणि मागच्या दारी त्याच आवाजात हाक आली. एकदाच. मी तोंडावर हात दाबून बसलो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आले हो!"

मंडळी, दिलेली ओ परत घेता येते का?