माशी समजून खरवडलेली विहीर

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता ऐंशी ओलांडली, खात्याला माझ्यावर कारवाई करायची झाली तरी घाई करावी लागेल.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात सरकारी कचेरीत जुने गावनकाशे उतरवून काढायचो. चिरगूट झालेला नकाशा काचेवर पसरायचा, वर पारदर्शक कागद ठेवून ओढे, देवळं, विहिरी शाईनं गिरवायच्या. विहीर म्हणजे काळा ठिपका. माशीचा डागही तसाच दिसतो. म्हणून आधी माश्यांचे डाग ब्लेडनं खरवडायची आमची पद्धत. शिरोळकडच्या एका गावाच्या नकाशावर मी पाच डाग खरवडले. त्यांत एक विहीर होती.

दोन वर्षांनी विहिरीची मालकीण, एक म्हातारी, कचेरीत आली. नकाशात विहीर नाही म्हणून तिला मोटारीला वीज मिळेना. तिनं टेबलावर तांब्या ठेवला.

"प्या."

मी प्यालो.

"गोड हाय न्हवं? मग हे कुठनं आलं, सायेब? माझ्या सासऱ्यानं हातानं खणलीया की."

मी जुना नकाशा काढला. खरवडलेली जागा लख्ख दिसत होती.

"मावशी, जुन्यातही नाही," मी म्हणालो.

वर्षभर तिनं हेलपाटे घातले. शेवटी मीच युक्ती सांगितली: नवी विहीर खणायची परवानगी मागा. ती मिळाली. पाहणीला गेलेल्या कारकुनानं लिहून आणलं, ‘नवीन विहीर पूर्ण. पायऱ्यांवर शेवाळ. आत मोठे कासव.’ आमच्या साहेबांनी सही करताना एवढंच विचारलं, "कासव पण नवीनच का?"

मी नव्या नकाशावर ठिपका काढला. सासऱ्याची विहीर सुनेनं खणली, अशी नोंद झाली.

निवृत्त झाल्यावर कबुली द्यायला मी तिच्या गावी गेलो. तिनं शेजारणी गोळा केल्या. "ह्या पावण्यांनी माझी हीर कागदावर आणली बगा." मग तांब्या माझ्या हातात देत त्यांना म्हणाली, "सासऱ्याचं नाव लागाय पायजे हुतं. पर पुरावाच न्हाय म्हणल्यावर ह्ये तरी काय करतील?"

माझ्या तोंडात पाणी होतं. ते गिळलं आणि परत आलो. पुढच्या वर्षी ती गेली.

मावशी, पुरावा होता. माशी समजून मीच खरवडला, आणि कळल्यावरही गप्प बसलो. चुकलो.