जहाजाची डावी बाजू

माझी आत्या नव्या वस्तू जुन्या करते. पोटापाण्याचा धंदाच तो. तरुणपणी ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. मग छापील फलक आले आणि ब्रश खुंटीला टांगायची वेळ आली. तेव्हा एका मैत्रिणीनं तिला सिनेमासाठी छोटी मॉडेलं बनवणाऱ्या कारखान्यात नेलं. तिथले सुतारकाका लाकडाची आणि प्लास्टिकची गाड्या-विमानं उभी करायचे. आत्या त्यांच्यावर गंज, धूळ, तेलाचे ओघळ चढवायची. चहाचं पाणी, कोळशाची पूड, झिजलेला टूथब्रश ही तिची हत्यारं.

माझे बाबा तिचे थोरले भाऊ. शाळेत भाषा शिकवायचे. त्यांच्या लेखी सिनेमा म्हणजे गोष्ट, बाकी नुसतं पाल्हाळ.

"लोक जुन्याला रंग लावून नवं करतात, आमच्या बाईसाहेबांचं सगळंच उलटं," असं ते तिला चिडवायचे. ती हसून सोडून द्यायची.

मग कारखान्याकडे अंतराळातल्या मारामारीच्या एका मोठ्या सिनेमाचं काम आलं. त्यातलं जहाज आमच्या बैठकीच्या खोलीत मावलं नसतं, एवढं मोठं. सगळा उन्हाळा आत्या आणि सुतारकाका त्यावर राबले. उद्यापासून चित्रीकरण, आणि नेमका तेव्हाच एक तापलेला दिवा स्टँडसकट जहाजावर कोसळला. डाव्या बाजूचं प्लास्टिक वितळून भलंमोठं भगदाड पडलं. सुतारकाका मटकन खाली बसले.

आत्यानं जळलेल्या कडेवरून हलकेच बोट फिरवलं. मग म्हणाली, "काका, उठा. हे झाकायचं नाही. वाढवायचं."

काकांनी आतून मोडक्या फासळ्या आणि लोंबत्या तारा बसवल्या. आत्यानं काजळी चढवली, धुराचे पट्टे मागे ओढले. अर्ध्या भगदाडावर तिनं मुद्दाम ओबडधोबड पत्रा ठोकायला लावला. "जीव मुठीत धरून कुणीतरी ठिगळ लावलंय, असं दिसायला हवं," ती म्हणाली.

सकाळी दिग्दर्शक आले. जहाजाभोवती फिरून भगदाडापाशी थांबले.

"हे कुठल्यातरी मोठ्या लढाईतून आलंय," ते अचानक ओरडले. "ती लढाई सिनेमात पाहिजे!"

आणि कथेत नसलेली लढाई त्यांनी खरोखर घुसवली.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो. गोष्टीला ना शेंडा ना बुडखा. नायक सूर्य वाचवायला निघाला आणि वाटेत ते विसरूनच गेला. खलनायक कशावर चिडलाय ते शेवटपर्यंत कळेना. मध्यंतराआधी मेलेली नायिका मध्यंतरानंतर खुशाल यान चालवत होती. लोक खिदळत होते. बाबांची धुसफूस चालूच होती. मध्येच ती लढाई सुरू झाली.

"आता हे कुणाशी लढतायत?"

"माझ्या भगदाडासाठी लढतायत, दादा," आत्या कुजबुजली.

तेवढ्यात धूर विरला आणि जहाजाची डावी बाजू संथपणे पडदाभर सरकू लागली. काजळी, तारा, तो वेडावाकडा पत्रा. खिदळणं थांबलं. पुढच्या रांगेतली एक बाई अर्धवट उठून बघत राहिली. बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"काय काय सोसलंय यानं," ते स्वतःशीच म्हणाले.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "गोष्ट अगदीच टाकाऊ."

"आहेच मुळी."

"पण ते जहाज..." जन्मभर भाषा शिकवलेल्या माणसाला पुढचा शब्द सापडेना. "ते तू केलंस."

"मी आणि सुतारकाकांनी," आत्या म्हणाली. ताठ उभी होती, आणि डोळे पुसायची तिला लाज वाटत नव्हती.

परीक्षणांनी सिनेमाची सालटी काढली. जहाजाला मात्र कुणी नावं ठेवली नाहीत. आता कारखान्याचा रंगविभाग आत्याच सांभाळते आणि हाताखालच्यांना गंज कसा चढतो ते शिकवते.

बाबांनी तो सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिला. कधी शेजाऱ्यांना घेऊन, कधी शाळेतल्या जुन्या सोबत्यांना. धूर विरायला लागला की ते शेजारच्याला कोपरानं ढोसतात. "डावी बाजू बघा. आमच्या धाकटीची आहे." जहाज पडद्यावरून गेलं की लगेच उठतात. "चला, चहा घेऊ. पुढे बघण्यासारखं काही नाही."