पाणघोड्याच्या जागी

नाटकवाले त्याला डोंगर म्हणत. अंगाने थोराड, आवाज भरदार, आणि तरी इतक्या वर्षांत त्याच्या वाट्याला काय आलं, तर हवालदार, दरवान आणि तिसऱ्या अंकात मरणारे सासरे. त्यामुळे सिनेमावाल्यांचं बोलावणं आलं, तेव्हा त्याने ठेवणीतला शर्ट काढला.

लहानपणी सगळ्यांनी पाहिलेलं एक कार्टून होतं. एक मुलगी, एक गाणारा पाणघोडा आणि दोघांची नदीतली सफर. तेच आता खऱ्या माणसांना घेऊन पुन्हा करायचं होतं. मुलगी खरी, होडी खरी, नदी स्टुडिओतल्या हौदातली. पाणघोडा मात्र नंतर कॉम्प्युटरवर बनणार. तोवर मुलीला कोणाकडे तरी बघून गायला हवं, कोणाच्या तरी पाठीवर बसायला हवं.

"म्हणजे तुम्ही पाणघोडा?" बायकोने विचारलं.

"पाणघोड्याच्या जागी."

"पण दिसणार का?"

"नाही."

"असू दे," बायको म्हणाली. "माहेरी सांगते, मुख्य भूमिका आहे. खोटं थोडंच आहे?"

पोशाख निळा, डोक्यापासून पायापर्यंत अंगाला चिकटणारा. तोंडसुद्धा झाकलेलं, डोळ्यांपुढे तेवढी जाळी. चेन पाठीवर, म्हणजे आपली आपल्याला काढता यायची नाही. वर अंगभर पांढरे ठिपके. ते हलले की कॉम्प्युटरचं गणित चुकायचं, म्हणून एकदा घातला की सुट्टीपर्यंत काढायचा नाही. डोंगरने सकाळचं पाणी पिणंच सोडलं.

दिग्दर्शकबाई कॅमेऱ्याशेजारी जुनं कार्टून लावून बसत. त्यातली मुलगी जिथे मान वळवी, तिथेच हिनेही वळवायची. "लोकांना हे पाठ आहे," बाई म्हणत. "जरा इकडचं तिकडे झालं तर फाडून खातील आपल्याला."

मुलगी होती आठ वर्षांची. ऐन गाण्याच्या मधेच तिचा पुढचा दात पडला. कार्टूनमधल्या मुलीचे दात सगळे जागच्या जागी! मग खोटा दात बसवला, तर गाण्यातला प्रत्येक 'स' फसफसायला लागला. पोरगी होडीमागे जाऊन बसली ती उठेचना. आईने डोळे वटारले, मेकअपवाल्या ताईने चॉकलेट दिलं, सगळं करून झालं. शेवटी डोंगर तिच्या शेजारी धप्पकन बसला.

"काय झालं गं?"

"माझं तोंड घाण दिसतं."

"माझं बघ. मला तर तोंडच नाही."

तिने निळ्या कापडावरून त्याचं नाक चाचपलं आणि खुदकन हसली. पुढचा शॉट खोट्या दाताशिवायच, एका दमात झाला.

आणि तिथेच डोंगर अडकला. त्या दिवसापासून पोरगी त्याच्याशिवाय उभी राहीना. ज्या शॉटमध्ये पाणघोडा नाही, तिथेही तिला तो कॅमेऱ्याखाली हवा, तोही निळाच.

अशात एका जुन्या मित्राचा फोन आला. तो नवं नाटक बसवत होता. "बापाचं काम आहे. पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत स्टेजवर. तुला डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिलंय. सोमवारी तालमीला ये."

डोंगर तडक मॅनेजरकडे गेला.

"वेड लागलंय का?" मॅनेजर म्हणाला. "काम संपेपर्यंत म्हणून सही केलीय तुम्ही."

"संपणार कधी?"

"ते त्या पोरीला विचारा."

जेवणाच्या सुट्टीत त्याने तोही प्रयत्न केला. पोशाख कमरेपर्यंत उतरवलेला, निळ्या बाह्या दोन्हीकडे लोंबताहेत.

"समज, उद्या दुसरे काका आले तर? तेही निळेच असतील."

पोरीने घास हातातच ठेवला. "तुला कंटाळा आला?"

"नाही गं."

"मला आलाय. मला घरी जायचंय. पण आई म्हणते, सही केलीय." मग हळूच म्हणाली, "तू गेलास तर मी इथे एकटीच."

चेन लावायला मदतनीस आला. डोंगरने बाह्यांत हात घातले आणि त्याच्याकडे पाठ केली.

बापाचं काम त्याच्याबरोबर दरवान करणाऱ्या दुसऱ्या नटाला मिळालं. नाटक धो धो चाललं. त्याचं पोस्टर बसस्टॉपसमोरच लागलं, तेव्हा डोंगर पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जाऊ लागला.

यथावकाश सिनेमा लागला. नवराबायको पाहायला गेले. पडद्यावर तुकतुकीत करड्या रंगाचा पाणघोडा, आवाज एका बड्या गायकाचा, डोळे मिचकावणं थेट कार्टूनसारखं. डोंगर स्वतःला शोधत राहिला. आपण इथे वाकलो होतो, इथे पाय घसरला होता. त्यातलं काहीच नव्हतं. पोरीचा दातसुद्धा कॉम्प्युटरने भरून काढला होता.

"कार्टूनच बरं होतं," मागून कोणीतरी म्हणालं. बायकोने वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे शब्द बोलला नाही.

"पोरगी मात्र किती जीव लावून बघते हो त्याच्याकडे," बाहेर आल्यावर ती म्हणाली.

"हं," डोंगर म्हणाला.

काही दिवसांनी मॅनेजरचा फोन आला. आणखी एक जुनं कार्टून खरं करायला काढलं होतं. मुलगी तीच. "तिने एकच अट घातलीय. डोंगरकाका हवेत."

डोंगर फोन धरून उभा राहिला. बायको हातानेच विचारत होती, काय, काय?

"प्राणी कोणता?"

"शहामृग. गुडघ्यांना आतापासून पळायची सवय लावा."

त्याने खुर्ची ओढली, खाली बसला आणि विचारलं, "कधीपासून यायचं?"