डाव्या बाजूचा स्पीकर

माझा चुलतभाऊ गणपतीच्या मिरवणुकांना डॉल्बी लावायचा आणि मी घरी, माळ्यावरच्या खोलीत, कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड करायचो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. दोघांचंही पोट आवाजावरच, पण कान वेगळे. दादाला छातीत ठोसा मारणारा आवाज लागायचा. मला खरं सांगणारे स्पीकर हवे होते. माझ्याकडचे घरगुती स्पीकर सगळंच गोड करून ऐकवायचे. घरी झकास वाटलेलं गाणं एखाद्याच्या जीपमध्ये लागलं की नुसता ढोल घुमायचा आणि शब्द बुडून जायचे.

म्हणून स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे आहे तसाच आवाज ऐकवणारे स्पीकर, घ्यायला आम्ही दोघं राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो. मी माझ्याच एका गाण्याची सीडी नेली होती. दुकानदारानं काळ्या, बुटक्या स्पीकरांची जोडी समोर मांडून ती लावली.

"ह्यात छातीच हालत न्हाय की रं," दादा म्हणाला.

"हलवायची न्हायच. ऐकायचंय."

अंतऱ्याआधी गाणाऱ्या बाईनं घेतलेला श्वास मला तिथं पहिल्यांदा ऐकू आला. मी डोळे मिटले, आणि तेवढ्यात मागं काचेचं दार आपटलं.

तिघं जण आत आले होते. शेजारच्या पेठेतल्या मंडळाची डॉल्बी त्यांची. विसर्जनाच्या मिरवणुकीत गाडी पुढं काढण्यावरून भांडण झालं होतं आणि दादानं त्यांच्या जनरेटरची वायर तोडली होती. तो राग घेऊनच ते दादाच्या मागावर होते.

"वायर तोडतोस व्हय?" एवढंच एक जण बोलला आणि त्यानं दादाच्या तोंडावर डोकं हाणलं. दादाच्या नाकातून रक्ताची धार लागली. दुसऱ्यानं त्याला काउंटरवर उताणा पाडून गळा धरला. दादाच्या हाताला माइकचा लोखंडी स्टँड लागला. तो त्यानं उलटा फिरवून त्या माणसाच्या जबड्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. गाण्याच्या मधोमध, अगदी स्वच्छ.

मी मध्ये पडलो. तिसऱ्यानं उघड्या पंजानं माझ्या डाव्या कानाखाली असा काही जाळ काढला की मी खाली बसलो. स्पीकरांची जोडी माझ्या शेजारीच कोसळली. उजवा बंद पडला, डावा उलथा पडून गातच होता. ओठ हलताना दिसत होते, दुकानदार ओरडताना दिसत होता, पण त्या बाजूनं मला काहीच ऐकू येत नव्हतं. कानातून काहीतरी कोमट मानेवर ओघळलं.

डॉक्टरांनी कानात बघितलं आणि पडदा फाटल्याचं सांगितलं. भरून येईल, पण पहिल्यासारखं होईलच असं नाही, म्हणाले.

चार दिवसांनी दादा घरी आला. नाकावर पट्टी, डोळ्यांखाली काळंनिळं. बाहेर जीप उभी होती आणि जीपमध्ये माणसं.

"चल. तुझ्या कानाचा हिशेब करायचाय."

"मी न्हाय येणार, दादा."

"माझ्यापायी मार खाल्लास, आन् आता शेपूट घालतोस?" त्यानं माझी कॉलर धरून मला भिंतीवर दाबलं. माझी बायको स्वयंपाकघरातून आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली. "भावजी, आधी मला हाणा," ती म्हणाली. दादाचा हात वर गेला होता. तो त्यानं दाराच्या चौकटीवर मारला. बोटांची सालटी निघाली. मग तो गेला. त्या संध्याकाळी त्यानं त्या तिघांतल्या एकाचा हात मोडला, आणि दुसऱ्या दिवशी दादाच्या डॉल्बीच्या गाडीला कुणीतरी रॉकेल ओतून काडी लावली. केस दोन्ही बाजूंनी झाल्या.

पावसाळा सरल्यावर मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. या वेळी बायको सोबत होती. डावा कान थोडा परतला होता, पण आत सतत शिटी वाजायची. जोडी मधोमध बोलते की एका बाजूला कलते, हे मला कळणारच नव्हतं. म्हणून मी तिला माझ्या जागी, दोन्ही स्पीकरांच्या समोर बसवलं. ती भजनी मंडळात गायची. कान तयार होता.

"अहो, ह्या जोडीत बाई जरा उजवीकडं सरकल्यागत वाटती," ती म्हणाली. दुसरी जोडी लावली. "ही मधोमध हाय. पण कडू बोलती."

"कडूच दे," मी दुकानदाराला म्हणालो.

मागं पोऱ्यानं खोकं धाडकन खाली टाकलं आणि माझे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले. दुकानदार दुसरीकडं बघू लागला. बायकोनं माझे हात खाली घेतले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत.

माळ्यावर आता आम्ही दोघं बसतो. गाणं मी जमवतो, आणि आवाज कुठं उभा राहतोय ते ती सांगते. दादाशी बोलणं तुटलं ते अजून जुळलेलं नाही. कागलला एका लग्नात तो पंगतीत समोर बसला होता. तोही आणि मीही खाली बघून जेवलो.