सगळ्या वावरांत एकच बाभूळ

२० डिसेंबर २०१७. कितीतरी महिन्यांनी लिहितेय, माफ करा. कारण शोधलं, आळसाखेरीज सापडलं नाही.

यंदा कापसावर बोंडअळी पडलीय. नुकसानीच्या पाहणीसाठी फोनवर उपग्रहाचा नकाशा लागतो. तो आमचं पुण्यातलं छोटं ऑफिस पुरवतं. अख्खं चित्र खेड्यातल्या नेटवर्कवर उतरत नाही, म्हणून त्याचे चौकोनी तुकडे करायचे, आणि जवळपास सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांपैकी एकच साठवून सगळीकडे तोच लावायचा. युक्ती माझी. ‘जवळपास’ म्हणजे किती, तेही मीच ठरवलेलं. म्हटलं, जाऊन बघावं.

यवतमाळला स्टँडजवळ तर्री पोहे खा. तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, बेतानं मागा. पुढे बाभुळगावला काळीपिवळी मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. मी सलीमभाईंची जीप ठरवली.

“मॅडम, नकाशा तं लय फास्ट उघडून राह्यला,” सलीमभाई म्हणाले. मी सुखावले.

पहिल्याच वावरात, म्हणजे शेतात, मालकीण कौसल्याबाईंनी माझा फोन हातात घेतला. “हे बाभूळ कोनाची?”

“तुमचीच ना?”

“माह्या वावरात बाभूळच नाही. शेजारच्या वावरातबी हेच, त्याच्या पल्याडबी हेच. सावलीसुद्धा तशीच!”

“मॅडमनं बसल्या जागी जंगल लावलं जी,” सलीमभाई.

“अन् माही पराटी कुठी गेली?”

पराटी, म्हणजे कापसाची झाडं, समोर उभी होती, अळीनं खाल्लेली, तपकिरी. माझ्या हिशेबात ती ओसाड जमिनीसारखीच, म्हणून तिच्या जागी बाभळीचा तुकडा लागलेला. नकाशा बघून पाहणीवाल्यांनी ‘पडीत’ लिहिलं होतं. मी त्यांना फोन केला. नकाशात पीक दिसलं तर बदलू, म्हणाले. भरपाईची यादी शुक्रवारी बंद.

मी वेग मोजला होता. काय गळतंय, ते का नाही मोजलं?

कौसल्याबाईंनी भाकर-ठेचा वाढला. “दुसरी घ्या. येकच भाकर साऱ्यायले दाखवत नाही मी.”

“आता ज्याचा त्याचा तुकडा लावला की नकाशा जड होईल, हळू उघडेल,” मी पुटपुटले.

“उघडू द्या हळू,” सलीमभाई म्हणाले, “तवरिक चहा पिऊ.”

आज घरी पोचले. बॅगेत कौसल्याबाईंनी दिलेलं किडकं बोंड आहे. “दुसऱ्याचं नोका दाखवू,” असं बजावलंय. ऑफिसात या युक्तीबद्दल शाबासकी मिळाली होती तेव्हा मी कुणाचं वावर पुसलं, हे विचारलंच नव्हतं.

उद्या: बाभुळगावचे सगळे तुकडे मूळ चित्रातून, एकही न गाळता, पुन्हा कापून पाहणीवाल्यांना पाठवणे.